फिर्मांच्या रानातून नदीकडे

फाटकाला कुलूप नाही. गवताचे गठ्ठे बांधायची निळी दोरी आहे. तिची गाठ डाव्या हातानंच सुटते, कारण फिर्मां डावरा आहे.

सात किलोमीटर दोनशे मीटर. उतार तीनशे नव्वद मीटर. वेळ बावन्न मिनिटं, त्यातली चार थांबून काढलेली.

आमच्या खोऱ्यात बाप मरताना मुलाला सगळं सांगतो. शेताची हद्द सांगतो, शेजारच्या गावातल्या बाईचंसुद्धा सांगतो. सेप अळंबी कुठे उगवतात ते सांगत नाही.

ऑक्टोबरात चेस्टनटची काटेरी बोंडं बुटाच्या तळव्यात घुसतात. उतारावर थांबून काढायची नाहीत. खाली नदीशी काढायची.

रेजी पळताना पाणी पीत नाही, नुसती चूळ भरतो. त्याचं त्यालाच कौतुक.

*

मी ओडिल, वय चोपन्न. व्हिओर नदीच्या खोऱ्यात एकवीस वस्त्यांवर टपाल वाटते आणि रविवारी पळते. अकरा वर्षं रेजीबरोबर पळत होते. तो शाळेत भूगोल शिकवायचा, आता निवृत्त आहे.

पठारावरून नदीकडे उतरायला दोन वाटा. एक डांबरी, तिच्यावरून दुधाचा टँकर जातो. दुसरी फिर्मांच्या रानातून, चेस्टनटखालून, दगडी बांधाच्या कडेनं पडक्या पाणचक्कीपर्यंत. तिच्यावरून फिर्मां, त्याच्या गाई आणि रानडुकरं जातात. त्याची बायको गेली त्या हिवाळ्यात मी त्याची पत्रं खालच्या पेटीत न टाकता वर दारात नेऊन द्यायला लागले. रोज दोन मिनिटं. मार्चमध्ये तो म्हणाला,

"पोरी, त्या डांबरावर गुडघे झिजवू नकोस. माझ्या रानातून जा."

"माझ्याबरोबर रेजी असतो."

"तो मास्तर? फार बोलतो."

"पळताना गप्प असतो."

"तू हमी घेतेस त्याची?"

"घेते."

"मग तू आणि तो. तिसरं कोणी नाही. आणि चक्कीच्या वर तो मोठा ओक आहे ना, तिथून जाताना खाली बघायचं नाही."

"का?"

"का ते तुला माहितेय."

सेप. तपकिरी टोपीची, जाड देठाची अळंबी. मी मान हलवली. त्यानं हात पुढे केला, मी धरला. आमच्याकडे एवढ्यावर जमिनींचे सौदे होतात.

नऊ वर्षं मी ओकाशी समोर बघत पळाले.

दहाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, तीन दिवस पाऊस पडून ऊन आलं होतं. वास आला. मी थांबले. खाली बघितलं. रेजीला म्हटलं, "ये, पण कुणाला बोलू नकोस." चार अळंबी घेतली, जाकिटात गुंडाळली. पालापाचोळा हातानं परत सारखा केला. फिर्मांला कळणार नव्हतं.

*

दोन आठवड्यांनी रेजीचा गुडघा दुखत होता म्हणून मी एकटीच निघाले. फाटकाची दोरी सुरीनं कापलेली. आत बांधाजवळ नऊ माणसं, भडक कपडे, हातात काठ्या, पाठीला पाण्याच्या पिशव्या. एक मुलगी हसून म्हणाली,

"बोंझूर! चक्कीची वाट हीच ना?"

"कोणी सांगितलं?"

"फोनवर आहे की. हे बघा."

तिनं फोन माझ्यापुढे धरला. हिरव्या नकाशावर लाल रेघ. फाटक, बांध, ओक, चक्की. वर रेजीचं नाव. खाली त्यानं लिहिलं होतं: *खोऱ्यातली गुपित वाट. शाळेतल्या कुठल्याच नकाशात नाही. चार मिनिटांच्या थांब्याशी खाली बघायला विसरू नका.* पुढे अळंब्याचं चित्र. दोनशे चौदा जणांना आवडली होती.

"तुम्ही इथल्याच का?" मुलीनं विचारलं. "मग तुमची मजा आहे."

ओकाखाली पाला दाताळ्यानं ओढलेला होता. काळी माती वर आलेली. बोटाएवढी कोवळी अळंबीसुद्धा उपटून, नको म्हणून तिथेच टाकलेली.

*

रेजी चौकात होता. क्लबच्या शर्यतीसाठी लाकडी पाट्यांवर पिवळे बाण रंगवत होता.

"गुडघा कसाय?"

"बसून ठीक असतो. तू लवकर आलीस, टपालवाली. कमी पळालीस?"

"वाट तू टाकलीस."

त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "अगं, ती. लोकांना फार आवडली. तुलूझहून येतायत म्हणे."

"मी हमी घेतली होती, रेजी."

"तू घेतली होतीस. मला कोणी विचारलं होतं?"

तोच पुढे बोलत राहिला. पळताना गप्प असायचा ते सगळं आता निघालं.

"म्हातारा ऐंशीचा झाला. उद्या पुतण्या रान विकेल, तारा ठोकतील. मग काय उरणार? निदान नकाशावर राहील. वाट पायांनी जगते, ओडिल. आपल्या दोघांच्या चार पायांनी नाही जगत."

"आणि अळंबी?"

"ती गंमत होती. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"ती वाट काढून टाक."

"काढतो. पण ज्यांनी उतरवून घ्यायची त्यांनी घेतली." त्यानं पुढची पाटी ओढली. "जरा ही धर ना, हलतेय."

आणि मी धरली. अकरा वर्षांची सवय. बाण सरळ आला.

*

सोमवारी फिर्मां दारातच उभा होता.

"बघितलंस रान?"

"बघितलं."

"आन्सेल्मचं काम आहे. माझा पुतण्या. तू सोडून तो ओक दुसऱ्या कुणाला माहीत नाही. तो सात वर्षांचा असताना मीच त्याला खांद्यावर बसवून नेलं होतं. काल फोन करून सांगितलं, माझ्या अंत्ययात्रेलासुद्धा येऊ नकोस."

"तो काय म्हणाला?"

"रडला. लबाड."

माझ्या हातात त्याचं विजेचं बिल आणि बी-बियाण्यांचं एक माहितीपत्रक होतं. ते देऊन गाडीत बसता आलं असतं. रेजी वाट काढून टाकणार होता. आन्सेल्म रोदेझला राहतो, मी त्याला दोनदा पाहिलंय.

"आन्सेल्म नाही," मी म्हटलं. "रेजी. फोनवर टाकलं त्यानं."

"मास्तरला ओक कुठून कळला?"

"मी दाखवला."

फिर्मांनं माझ्या बुटांकडे बघितलं. आतून घड्याळाचे ठोके आले, नऊ. मग त्यानं हात पुढे केला, पत्रांसाठी. मी दिली.

"उद्यापासून खालच्या पेटीत टाकत जा, बाई."

"फिर्मां..."

"मला फोन करायचाय."

दार त्यानं आपटलं नाही. हळू लावलं. आत नंबर फिरवल्याचा आवाज ऐकू आला, मग त्याचं खाकरणं, मग "आन्सेल्म?" एवढंच. मी गाडीकडे गेले.

*

फाटकाला आता साखळी आहे. मी डांबरी रस्त्यानं पळते, टँकर आला की गवतात उभी राहते. रविवारी आठला रेजीचा फोन येतो, तीनदा वाजून बंद होतो. वाट त्यानं काढून टाकली. तीच रेघ आता दुसऱ्या चार जणांच्या नावांवर आहे.

रेजीनं ती टाकली त्याच पहिल्या रविवारी, तीन ऑक्टोबरला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात बसला होता आणि मी त्या चार अळंब्यांच्या ऑम्लेटसाठी अंडी फेटत होते.