इंजिनावरचा कप

आर्सेनिओची गाडी वळणावर आली की माझ्या शिवणयंत्रावरचा बटणांचा डबा वाजायला लागायचा. मग मी उठून कॉफीचं पाणी चुलीवर ठेवायची. पाणी उकळेपर्यंत गाडी अंगणात आवाकादोच्या झाडाखाली येऊन उभी राहायची आणि बंद केल्यावरही दोन-तीन हिसके द्यायची. अख्ख्या कोलोन गावात एवढी थरथरणारी गाडी दुसरी नव्हती.

गाडी एकावन्न सालची शेवरोले, माझ्या सासऱ्यांची. तिचं मूळ इंजिन कधीच संपलं होतं आणि त्या जागी आर्सेनिओनं रशियन ट्रकचं इंजिन बसवलं होतं. अंग अमेरिकन आणि काळीज रशियन, दोघांचं पटणार कसं, असं त्याचा मित्र फर्मीन म्हणायचा. लग्नाआधी आर्सेनिओ मला याच गाडीतून कार्दिनासच्या समुद्रावर घेऊन जायचा. एक हात खिडकीबाहेर, दुसऱ्या हाताची दोन बोटं स्टिअरिंगच्या चाकावर. त्या दोन बोटांच्या मी प्रेमात पडले असं म्हटलं तरी चालेल. पुढे माझी नजर अधू झाली तेव्हा रोज संध्याकाळी तोच मला दहा सुया ओवून द्यायचा, दुसऱ्या दिवसाच्या शिवणासाठी. एका झटक्यात ओवायचा, दोरा ओलासुद्धा न करता.

मी सांगतेय ते अठ्ठ्याण्णव सालचं. तेव्हा तो बासष्टचा होता आणि कोलोन ते होवेयानोस अशी भाड्याची फेरी मारायचा. सकाळी सहाला थांब्यावर, आठ माणसं भरली की निघायचं. पुढच्या बाकावर नेहमी ओदालिस बसायची. ती तिकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. तिची पाच वर्षांची मुलगी तिथल्याच बालवाडीत होती, ती या दोघांच्या मधे बसायची.

गाडीची थरथर त्या वर्षी फारच वाढली होती. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती तेल पिऊन फुगली होती, चिरली होती. मी किती वेळा म्हटलं, बदलून टाक. तो म्हणायचा, बघू, ऊसतोड संपू दे. तोड संपली तरी बघूच. गाडीच्या बाबतीत आळस हा त्याचा स्वभाव नव्हता, पण माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. सुया ओवून देणंही त्यानं बंद केलं होतं. चष्मा बदलायला हवा, म्हणाला. तेही मला पटलं.

शेवटी फर्मीननंच त्याला कोंडीत पकडलं. साखर कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याचा एक जाडजूड तुकडा तो एका शनिवारी खांद्यावर टाकून घेऊन आला. ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याचं रबर म्हणजे आमच्याकडे सोनं. आर्सेनिओ त्या तुकड्याकडे कितीतरी वेळ बघत उभा राहिला.

"बघतोस काय, लग्नाची मागणी आलीय का?" फर्मीन म्हणाला. "घाल गाडीखाली डोकं."

दिवसभर काम चाललं. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली लाकडी फळी ठेवून जॅकनं इंजिन उचललं. जुनी माउंटिंग निघाली ती हातातच चुरा झाली. साबणाचं पाणी सोडत करवतीनं रबर कापायचं काम आर्सेनिओनं फर्मीनला दिलं. मधे पत्रा घालून थर जोडायचे, भोकं पाडायची, तेही फर्मीनलाच. स्वतः तो सगळा वेळ गाडीखाली पडून होता आणि तिथून सूचना देत होता. नट आवळायची वेळ आली तेव्हा कंबर धरलीय म्हणून त्यानं पाना माझ्या हातात दिला. चाळीस वर्षं मी त्याला पाने दिले होते, त्यामुळे कुठला कुठे लागतो हे मला पाठ होतं.

फर्मीन जेवायला घरी गेला आणि आम्ही इंजिन चालू केलं. बटणांचा डबा वाजला नाही. मी हसत आत गेले आणि कॉफी घेऊन आले.

आमच्याकडे रीत आहे. नवीन माउंटिंग बसवली की चालू इंजिनावर काठोकाठ भरलेला कॉफीचा कप ठेवायचा. थेंब सांडला नाही तर काम पक्कं, आणि ती कॉफी गाडीच्या मालकानं तिथेच उभ्यानं प्यायची. मी कप ठेवला. कॉफीवर सुरकुतीसुद्धा उमटली नाही.

"पी," मी म्हटलं.

तो फडक्याला हात पुसत राहिला. तू पी म्हणाला. मी म्हटलं, गाडी काय माझी आहे? मग त्यानं फडकं टाकलं आणि कप उचलला. इंजिनावर निवांत असलेली कॉफी त्याच्या हातात आल्याबरोबर हेलकावली, काठावरून त्याच्या मनगटावर सांडली, शर्टावर सांडली. त्यानं दुसरा हात लावला. तोही तसाच.

मी इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"तुझ्या सुया बंद झाल्या तेव्हापासून."

"डॉक्टर?"

"होवेयानोसला जाऊन आलो. वाढत जाणार म्हणाले." त्यानं कप खाली ठेवला, तोही खडखडला. "गाडी हलत होती तोवर कुणाला कळत नव्हतं, म्हातारे. चाकावर हात हलला तर लोक म्हणायचे, गाडी जुनी झाली."

मी पायांचं विचारलं. पाय ठीक आहेत म्हणाला, मग म्हणाला की ब्रेक सापडतो. ऊस नेणाऱ्या आगगाडीच्या रुळांपाशी एकदा उशिरा सापडला होता, तेवढंच. ओदालिसच्या मुलीनं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. तिला तो खेळ वाटला.

मी त्याला गाडी सोड म्हटलं. तो बॉनेट लावायला वळला. मी पुन्हा म्हटलं तेव्हा म्हणाला, "मग मी सकाळी उठून करू काय?"

सोमवारी गाडी सुरू झाली आणि बटणांचा डबा खडखडला. मला लगेच कळलं. त्यानं नट दोन-दोन आटे सैल केले होते. नवीन रबरावर इंजिन पुन्हा नाचत होतं. फर्मीननं विचारलं तेव्हा म्हणाला, रशियन इंजिन आहे, सवय लागेल.

नऊ दिवस मी गप्प राहिले. हे लिहायला सोपं जात नाही. मी रोज सकाळी डबा वाजताना ऐकला आणि रोज कॉफी दिली, अर्धा कप, म्हणजे सांडणार नाही. ओदालिसची मुलगी रस्त्यावरून मला हात करायची, मीही करायची.

दहाव्या दिवशी पुढचा दिवा फुटलेला होता. बकरी आडवी आली म्हणाला. तो अंघोळीला गेल्यावर मी वाकून पाहिलं. बकरीचा केस नव्हता. बंपरवर निळ्या रंगाचा लांब ओरखडा होता, सायकलच्या रंगासारखा. बाहेर आल्यावर विचारलं, तर बाजेवर बसून खाली बघत म्हणाला, माणूस उसात पडला. उठून शिव्या देत गेला. मग माझं नाव घेऊन म्हणाला, चालत गेला, निएवेस, मी पाहिलं.

रविवारी दुपारी तो डॉमिनो खेळायला गेला. आता सोंगट्या सांडल्या की तो मुद्दाम सांडल्याचं नाटक करायचा. मी पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले. बासष्टची नसले तरी मीही साठीला टेकलेली. तेल डोळ्यांत पडत होतं. एकेक नट मी होता होईल तेवढा आवळला, आणि शेवटी पान्याला पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकून आणखी आवळला. माझ्यापेक्षा त्याच्या हातात आता कमी जोर होता, हे मला माहीत होतं. त्यावरच माझा भरवसा होता.

सोमवारी इंजिन सुरू झालं आणि डबा गप्प राहिला. त्यानं बॉनेटवरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं उतरेल. तो गेला.

पुढचं ओदालिसनं सांगितलं. थांब्यावर फर्मीननं गाडीचा आवाज ऐकला आणि सगळ्यांना हाक मारली. रशियन इंजिनाला सवय लागली वाटतं शेवटी, म्हणत त्यानं कॉफीवाल्या बाईकडून कप आणून इंजिनावर ठेवला. आठ उतारू, चार ड्रायव्हर भोवती उभे. थेंब सांडला नाही. मग सगळे मालकानं कॉफी प्यायची वाट पाहू लागले. आर्सेनिओचे हात खिशात.

"घे ना, गड्या. बायकोच्या हातची नाही म्हणून नको का?" फर्मीन म्हणाला, आणि लोक हसले.

त्यानं हात बाहेर काढला. ओदालिस म्हणाली, कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. शर्ट पूर्ण भिजला आणि कप खाली पडून फुटला. हसू थांबलं, आणि ते थांबणं सगळ्यात वाईट होतं. तिनं काही न बोलता दार उघडून मुलीला पुढच्या बाकावरून उतरवलं. मग मागचे उतरले. फर्मीन कपाचे तुकडे गोळा करत राहिला, एकेक, कितीतरी वेळ.

गाडी रिकामी घरी आली. मला आवाजच आला नाही, मी मान वर केली तर तो दारात उभा.

"तू आवळलेस."

"हो."

"पाइप लावून?"

"हो."

त्यानं मान हलवली. "नीट आवळलेस," म्हणाला आणि शर्ट बदलायला आत गेला. त्यानंतर हा विषय घरात कधी निघाला नाही. फर्मीन महिनाभर रोज यायचा, अंगणात बसायचा, पण ते दोघे बोलायचे काही नाहीत. मग त्याचंही येणं कमी झालं.

रोज सकाळी सहाला आर्सेनिओ गाडीत जाऊन बसायचा. डिझेल मिळत होतं तोवर इंजिन चालू करायचा, मग नुसताच बसायचा, दोन्ही हात चाकावर. गाडी अगदी स्थिर. मी शिवणयंत्रावरून बघायची आणि सुई ओवायला कुणाला सांगावं या विचारात दोरा चावत राहायची. असा तो तीन वर्षं जगला. शेवटी कप मीच त्याच्या ओठांना लावायची.

त्या गाडीपायी कुणी मेलं नाही. ओदालिसची मुलगी आता सान्ता क्लाराला असते, तिला स्वतःची दोन मुलं आहेत. तो गाडी चालवत राहिला असता तर ती मेलीच असती असं मी म्हणू शकत नाही. काहीच झालं नसतं, असंही झालं असतं.

गाडी मागच्या वर्षी विकली. मातान्सासहून एक माणूस आला होता. बॉनेट उघडून, इंजिन चालू करून त्यानं माझ्याकडे कॉफी मागितली. मी कप काठोकाठ भरून दिला. त्यानं तो ठेवला, वाकून पाहिला, आणि एका हातानं उचलून एका घोटात प्याला.

"एवढी वर्षं झाली, तरी माउंटिंग दगडासारखी आहेत, आजी. कुणी बसवली?"

"माझ्या नवऱ्यानं," मी म्हटलं.