वीतभर आखूड

हैदराबादहून निघालेला पाईप परभणी स्टेशनवर उतरला आणि तिथून जिंतूरच्या एस.टी.च्या टपावर बसून झरीला आला. पोत्यात गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला. उद्धवनं तो खांद्यावर घेतला आणि फाट्यापासून घरापर्यंत असा चालत आला, की बघणाऱ्याला वाटावं, जत्रेत कुस्ती मारून आलाय. विमल नुकतीच शाळेतून आली होती. गावातल्याच शाळेत ती सहावी-सातवीला शास्त्र शिकवायची.

"आला एकदाचा!" उद्धव दारातूनच ओरडला.

तिनं पोत्याला हात लावून बघितलं. "एवढ्यासाठी दोन महिने जीव टांगणीला लावलाव व्हय?"

त्यानं ऐकलंच नाही. तो सुतळी सोडायला बसला होता.

उद्धवनं परभणीला आय.टी.आय.त मोटारीचं काम शिकून घेतलं होतं. हैदराबादला एका गॅरेजमध्ये नोकरीही लागत होती. पण वडील बन्सीधरराव एवढंच म्हणाले, "मग शेत कोण बघंल?" आणि उद्धव शेतात उतरला. कधी कुरकुर केली नाही, पण घरात त्याचं बोलणं कमी झालं ते झालंच. पुढं नांदेडच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट त्यानं घेतली, तेव्हा कुठं त्याच्या तोंडावर जरा कळा आली. दुधी रंगाची गाडी, इंजिन ठणठणीत. मागच्या सीटपुढचा पत्रा तेवढा गंजून चाळणीसारखा झाला होता. वर रबरी मॅट टाकली की तो झाकून जायचा.

त्याच्याबरोबर शिकलेला सिताराम हैदराबादच्या त्याच गॅरेजात होता. शर्यतीच्या गाड्या तिथं तयार व्हायच्या. त्यानंच हा पाईप धाडला होता.

"कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा दम कोंडतो," उद्धव आईला समजावून सांगत होता. "धूर आतल्या आतच घोटाळतो. ह्यो पाईप सरळ हाय, रुंद हाय. धूर भडाभडा भायेर पडतो. गाडी कशी, मोकळी पळते."

नर्मदाबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. त्यांनी पाईप हातानं चाचपला, वरून खाली, खालून वर. "गुळगुळीत हाय रे, बाबा," म्हणाल्या आणि हळदकुंकू मागवून त्याला बोट लावलं.

रविवारी सकाळी गोठ्यामागं काम सुरू झालं. बाभळीचे दोन ओंडके घालून गाडी मागून उचलून घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले. उद्धव पोतं अंथरून खाली शिरला. विमल बाजूला मांडी घालून बसली. जुने नट गंजून धरून बसले होते. रॉकेल सोडायचं, थांबायचं, पाना लावायचा, हिसका द्यायचा. कुठला पाना हवा ते तिला हळूहळू न सांगता कळायला लागलं. खाली पडल्या पडल्या उद्धव बोलत होता. सितारामच्या गमती, गॅरेजच्या मालकाचा कुत्रा, वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा इंजिन उघडलं तो दिवस. लग्नाच्या इतक्या वर्षांत तो एका दमात एवढं बोललेला विमलला आठवत नव्हता. ती मध्ये मध्ये मुद्दाम काहीतरी विचारत होती. हा माणूस असाच बोलत राहावा, एवढंच तिला वाटत होतं.

दुपार कलता कलता पाईप बसला, आणि मग लक्षात आलं की तो आखूड आहे. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या मापाचा होता. मागच्या चाकापुढं गाडीच्या कडेनं बाहेर निघायचं त्याचं तोंड मागच्या सीटपुढच्या पत्र्याखालीच संपत होतं.

"वीतभर कमी पडला," उद्धव बाहेर येऊन हात पुसत म्हणाला. तोंड उतरलं होतं त्याचं. "परभणीला जाऊन तुकडा वेल्डिंग करून आणावा लागंल. तवर जुनाच लावतो परत."

दिवसभर खपून पुन्हा सगळं उतरवायचं, हे विमलला बघवेना. "आता कशाला काढता?" ती म्हणाली. "वीतभरानं काय व्हतंय? चालू करून तर बघा."

उद्धव थोडा घुटमळला. मग हसला आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी सुरू झाली तशी गोठ्यातली वासरं दावं ताणून उभी राहिली. छातीत घुमणारा, जाड, खर्जातला आवाज. बन्सीधरराव ओसरीवरून ओरडले, "गाडीला खोकला झालाय का रे?" नर्मदाबाई मात्र दाराची चौकट धरून हसत उभ्या होत्या. "वाघावानी गुरगुरायलीय," त्या म्हणाल्या. "आता माजं लेकरू फाट्याला वळलं तरी मला हितं कळंल."

तुकडा आणायला सोमवारी जायचं ठरलं होतं. पण सोमवारी औरंगाबादच्या डोळ्याच्या दवाखान्याचं कार्ड आलं. ऑपरेशनची तारीख गुरुवारची, सकाळी अकराला हजर राहायचं. खाली लिहिलं होतं, सर्दी-खोकला असल्यास ऑपरेशन होणार नाही. त्यात ज्वारीची राखण, विमलच्या रजेचा अर्ज, नर्मदाबाईंची बांधाबांध. परभणीला जाणं राहून गेलं.

"आल्यावर जोडू," उद्धव म्हणाला.

पौषातली थंडी होती. गुरुवारी उजाडायच्या सुमाराला ते निघाले. बन्सीधरराव शेतासाठी मागं थांबले. नर्मदाबाईंना मागच्या सीटवर आडवं करून विमलनं दुलई पांघरली, कानाला रुमाल बांधला. दारांच्या काचा गच्च वर केल्या, एका काचेत फट राहत होती तिच्यात कागदाची घडी खोचली. खोकला होऊ द्यायचा नव्हता. उद्धवची काच तेवढी चार बोटं खाली होती, कारण त्याला तंबाखू थुंकायची असायची.

जिंतूर मागं पडलं. मंठ्याच्या अलीकडं नर्मदाबाई उठून बसल्या.

"विमल, डोकं लय जड झालंय गं. मळमळायलंय."

पुढं उद्धवशेजारी बसलेल्या विमलचंही कपाळ ठणकत होतं. पहाटेचं उठणं आणि रिकामं पोट, असं तिला वाटलं. मंठ्याला एका हॉटेलापुढं गाडी थांबवली. नर्मदाबाईंना बाहेर बाकड्यावर बसवलं, चहा दिला. ऊन नुकतंच पसरत होतं. दहा मिनिटांत त्यांचा चेहरा सावरला.

"आता कसं वाटतंय, आत्याबाई?"

"बरं वाटायलंय. हितंच जरा बसू दे गं मला उन्हात."

विमलनं घड्याळ बघितलं. "उशीर हुईल, आत्याबाई. अकराची येळ दिलीय डॉक्टरनं. गाडीत झोपा निवांत."

 नर्मदाबाई तिचा हात धरून उठल्या आणि मागं जाऊन आडव्या झाल्या. विमलनं दुलई पुन्हा नीट खोचली आणि काच वर केली.

जालना जवळ आलं तेव्हा ती पाणी द्यायला मागं वळली. "आत्याबाई," म्हणून हाक मारली. मग हात लावला. दुलईतून बाहेर आलेला हात सीटवरून खाली घसरला आणि तसाच लोंबत राहिला.

जालन्याच्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप काढून ठेवला. वय झालेलं, थंडी, ऑपरेशनची धास्ती, हृदय बंद पडलं असणार, असं म्हणाला. उद्धव भिंतीला टेकून उभा होता. कागद विमलनंच घेतला.

परतीच्या वाटेवर तिनं सगळ्या काचा खाली केल्या. आता थंडी कुणाला बाधणार होती? नर्मदाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन ती मागं बसली. वारा भणाणत होता. जिंतूर येईपर्यंत आपलं कपाळ ठणकायचं थांबलंय, एवढं तिला जाणवलं, पण त्यावर विचार करायचं त्राण नव्हतं.

घरी बायका जमल्या. नर्मदाबाईंची धाकटी बहीण सुमनबाई पेडगावहून आली. तिनं तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि रडता रडता म्हणाली, "बघा गं, कशी लाली हाय गालावर. झोपल्यावानी दिसायलीय. कुंकू घेऊन गेली माझी बाई, नशीब काढलं." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. काही त्रास नाही, अंथरूण नाही, असं मरण कुणाला मिळतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी विमल ती दुलई धुवायला काढायला गाडीकडं गेली. दुलईला धुराचा वास येत होता. चुलीचा नव्हे, गाडीचा. तिनं रबरी मॅट उचलली. गंजलेल्या भोकांच्या कडांना काळी मऊ काजळी धरली होती. खाली वाकून बघितलं तर भोकातून पाईपचं तोंड दिसत होतं. सरळ तिच्याकडं रोखलेलं.

ती तिथंच गाडीच्या उघड्या दारात बसली. दरवर्षी दिवाळीनंतर सातवीला ती तो धडा घ्यायची. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. धुरातला विषारी वायू दिसत नाही. त्यानं आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. रक्त तांबडंलाल होतं. मुलांकडून ती हे तीनदा म्हणवून घ्यायची.

गालावरची लाली.

सांगू नये, असंच तिला आधी वाटलं. डॉक्टरनं लिहून दिलं होतं, गावानं मान्य केलं होतं, आणि आई गेल्यापासून उद्धवनं घोटभर चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. पण ओसरीवर बन्सीधरराव कुणाला तरी सांगत होते, "उद्या सावडून झालं की गंगाखेडला जाऊ. उद्धवच्याच गाडीत. मी मागं बसतो तिला घेऊन."

विमल उठली. उद्धव गोठ्यात होता.

"उद्या गाडी काढू नका," ती म्हणाली.

"का?"

तिनं सांगितलं. काजळी, भोकं, पाईपचं तोंड, मंठ्याला बाहेर बसल्यावर बरं वाटलं ते. बोलताना तिचा आवाज वर्गात असतो तसा सरळ येत होता आणि त्याची तिलाच भीती वाटली.

उद्धव ऐकून घेऊन गाडीकडं गेला. मॅट बाजूला टाकली. मग पोतं न घेताच गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. विमल त्याच्या पायांशी बसून राहिली.

"वीतभरानं काय व्हतंय, असं मीच म्हणले होते," ती म्हणाली.

खालून आवाज आला, "पाईप मी लावला."

"काचा मी लावल्या. फटीत कागुद मी खोचला."

 खाली नखानं पत्र्यावरची काजळी खरवडल्याचा आवाज यायला लागला.

गंगाखेडला बाप-लेक एस.टी.नं गेले. तिथं गोदावरीत राख सोडल्यावर घाटावर उभं राहून उद्धवनं बापाला सगळं सांगितलं. काय बोलणं झालं ते विमलला कधीच कळलं नाही. संध्याकाळी दोघं बसमधून उतरून आले तेव्हा बन्सीधरराव वीस पावलं पुढं होते आणि उद्धव मागं.

तेरावा झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी विमल ओसरी झाडत होती.

"सुनबाई," बन्सीधररावांनी हाक मारली. "एक विचारतो. खरं सांग. शेवटाला तिनं काय मागितलं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. विमलनं केरसुणी भिंतीला टेकवली.

"मंठ्याला बाकड्यावर बसल्या होत्या. म्हणल्या, हितंच जरा उन्हात बसू दे."

"मग?"

"मी म्हणले, उशीर हुईल."

म्हाताऱ्यानं हात लांब करून काठी जवळ ओढली. रागावला नाही, रडलाही नाही. शेवटी म्हणाला, "त्याला सांग, वरच्या रानातली ज्वारी काढायला आली. माणसं बघ म्हणावं." आणि काठी घेऊन बाहेर पडला.

उद्धव चार हातांवर, दारातच उभा होता.

तेव्हापासून घरात तशीच रीत पडली. बापाला लेकाशी बोलायचं असलं की विमलला सांगायचं. "त्याला म्हणावं, बैल सोड." "त्याला म्हणावं, जेवून घे." तिनं ते सांगायचं आणि उत्तर आणून द्यायचं. दोघंही एका पंगतीला बसत, पण नजर ताटात. शेजारीपाजारी म्हणत, बाई गेल्यापासून दोघं खचलेत. सुमनबाई येई तेव्हा बहिणीच्या मरणाची वाखाणणी करी, आणि विमल तिच्यापुढं चहा ठेवून मान हलवी. तेवढी शिक्षा तिनं स्वतःच घेतली होती.

उद्धवनं पाईप उतरवून कापून तुकडे केले. गाडी सेलूच्या एका व्यापाऱ्यानं मागितली, तर महिनाभर दिली नाही. आधी मागचा सगळा पत्रा नवा टाकून घेतला, खाली स्वतः दिवा घेऊन शिरला, कुठं सुई जाईल एवढं भोक नाही याची खात्री केली, मगच दिली. त्यानंतर कुठल्याच गाडीला त्यानं पाना लावला नाही. सितारामची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी, भुईमूग काढायच्या दिवसांत, विमल भाकरी घेऊन शेतात गेली होती. उद्धव लांब दुसऱ्या टोकाला होता. बन्सीधरराव विहिरीपाशी पोहऱ्याचा दोर ओढत होते आणि तो कुठंतरी अडकला होता. त्यांनी दोन हिसके दिले. दम लागला. विमलकडं बघितलं, तशी ती निरोप घ्यायला पुढं झाली. पण म्हातारा तिच्याकडं बघता बघता दुसरीकडं वळला आणि थकल्या, फाटक्या आवाजात त्यानं हाक मारली,

"उद्धवाऽऽ!"

हातातलं सगळं टाकून उद्धव पळत निघाला. ढेकळांतून ठेचकाळत, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसल्यासारखा तो येत होता. काहीतरी भयंकर झालंय अशीच त्याची समजूत झाली असावी. जवळ येऊन तो धापा टाकत उभा राहिला.

"काय झालं, दादा?"

"दोर गुतलाय," बन्सीधरराव म्हणाले. "मला निघंना."

उद्धवनं दोर हातात घेतला. म्हातारा बाजूला सरकला नाही. दोघं एकाच दोराला धरून ओढत राहिले, आणि विमल भाकरीचं फडकं तसंच हातात धरून बांधावर खाली बसली.