नव्या टर्मिनलमधला बाक

म्हाताऱ्यांना मेट्रो फुकट आणि विमानतळावरचा गारवाही फुकट. म्हणून उन्हाळा लागला की माल-जा आणि तिची शेजारीण ओक-बुनताई किमबापचे, म्हणजे भाताच्या सुरळ्यांचे, डबे घेऊन इंचॉनच्या विमानतळावर दिवस काढायच्या. विमानात मात्र दोघी कधी बसल्या नव्हत्या.

यंदा विमानतळाने आणखी हातपाय पसरले, नवं टर्मिनल उघडलं.

"बघून येऊ या का, ताई?" माल-जाने विचारलं.

ताई उसळली. समुद्रकाठच्या चिखलावर भराव घालून हा विमानतळ बांधला होता; त्याआधी ओहोटीला ताई तिथेच शिंपले वेचायची. "मेल्यांनी माझा शिंपल्यांचा चिखल गिळला, तरी पोट भरलं नाही! तिथे मी पाऊलसुद्धा टाकणार नाही!"

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बाकावर ताई नव्हती. माल-जा शोधत शोधत नव्या टर्मिनलमध्ये पोचली, तर काचेजवळच्या मऊ बाकावर ताई ऐसपैस मांडी घालून बसलेली! शेजारची जागा छत्री ठेवून अडवलेली.

"काय गं, कालच्या शिव्या कुठे गेल्या?"

"शिव्या आहेत तिथेच आहेत," ताई छत्री उचलत म्हणाली. "समुद्राला काय कमी घातल्या? पण ओहोटी लागली की चिखलात सगळ्यांत आधी मीच उतरायचे. बस आता, डबा उघड."