घुशीचा खेळ की घारीचा?

मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझ्या पोटात अजून बिस्किटांचा चुरा आहे. हसू नका, मित्रांनो. तुमच्या घरचा कीबोर्ड उलटा करून जरा आपटून बघा, मग बोलू.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी गोरापान होतो. ज्या घरात आलो तिथे एक ताई होती आणि तिचा धाकटा भाऊ. मला आणलं होतं अभ्यासासाठी, पण अभ्यास सोडून बाकी सगळं झालं. दोघं एकाच स्टुलावर अर्धे अर्धे टेकायचे आणि त्यांच्या लाडक्या खेळासाठी माझ्यावर तुटून पडायचे. त्यांची आई म्हणायची, अरे, कीबोर्ड आहे तो, ढोल नाही. बाबा मात्र रोज झोपण्याआधी मला फडक्याने पुसायचे. काय थाट होता माझा!

पुढे नवा संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! तिथे पडून पडून मी पिवळा झालो.

ताई नर्स झाली आणि दूरच्या शहरात गेली. धाकटा याच घरात राहिला आणि चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासू लागला. परवा ताई भावाकडे राहायला आली आणि दोघांना तो खेळ आठवला. पण नाव काही आठवेना! धाकटा म्हणे, घुशीचा खेळ होता, जमिनीखाली बिळं खणायची. ताई म्हणे, घूस कुठली, घार होती, आभाळात उडायची. शेजारी बसायचो हे दोघांनाही पक्कं आठवत होतं, पण दुसरा नुसता बघत बसायचा असं प्रत्येकाचं म्हणणं. जुन्या खेळांचे शौकीन इंटरनेटवर जमतात, तिथे दोघांनी वेगवेगळं विचारलं. कुणालाच खेळ ओळखता आला नाही. जाण्याआधी एकदा तरी तो भावासोबत खेळायचा, असं ताईच्या फार मनात होतं. पण निघायचा दिवस उजाडला आणि तोवर दोघंही तोंड फुगवून बसले होते.

त्याच सकाळी धाकट्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला भंगारात द्यायला माळ्यावरून खाली काढलं. पण बाई मोठी नीटनेटकी, भंगारात जाणाऱ्या वस्तूलाही पुसून पाठवणारी. पुसता पुसता तिचा हात थांबला. माझ्या डाव्या टोकाची चार अक्षरं पार झिजली होती, उजव्या टोकाचे बाण गुळगुळीत झाले होते आणि मधली बटणं नवी कोरी होती.

"अहो, हा एकट्याने झिजवलेला दिसत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही दोघं एकाच वेळी खेळत होतात."

दोघं धावत आले. नकळत ताईची बोटं डावीकडे गेली, धाकट्याची उजवीकडे. मग धाकट्याला आठवलं, घुशीच्या बिळात वरून फळं पडायची. ताईला आठवलं, घार फळं खाली टाकायची आणि ती कुठे जायची कोण जाणे! जो तो पडद्याच्या आपल्याच अर्ध्या भागात डोळे खुपसून बसलेला. म्हणे नजर तपासतो!

दोघांनी मिळून पुन्हा विचारलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं. खेळाचं नाव होतं 'जोडगोळी'.

माझी गोल पिन नव्या संगणकात बसेना, म्हणून धाकट्याने संगणकाच्या दुकानातून एक छोटा जोड आणला. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेतला आणि दोघं खेळायला बसले. वरून पहिलं फळ पडलं आणि धाकटा खेळायचाच थांबला.

"ताई, ती आपोआप पडतात असं वाटायचं गं मला."

"आपोआप काही पडत नाही, गधड्या," ताई म्हणाली. "बोटं दुखायची माझी. खण आता."

तिचे डोळे भरून आले होते, पण घार काही तिने थांबवली नाही. संध्याकाळची गाडी तिने उद्यावर ढकलली. मी आता टेबलावर राहतो आणि वहिनी मला पुसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून बघा. माझ्यावर बिस्किटं खाऊ नका, हे तर हात जोडून सांगतो. आणि तुमच्या पुढ्यात कधी एखादं फळ अलगद येऊन पडलं, तर जरा मान वर करून बघा.