तीन अधिक दोनशे

थर्मासच्या झाकणात पाणी भरून घेऊन वासुदेवराव बांधाच्या पायथ्याशी उभे होते. झाकण हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजून झाले, तसं त्यांनी आत डोकावून पाहिलं. गढूळ पाणी बऱ्यापैकी निवळलं होतं आणि तळाशी बारीक वाळूचा थर बसला होता.

त्यांनी ते ओतून दिलं. वाकून पुन्हा झाकण भरलं, पुन्हा शंभर मोजले. पुन्हा वाळू.

बांधापासून चार पावलांवर, गवतात, जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. तोंड वाटीएवढं, आणि भोवती वर आलेल्या वाळूचं कडं. बांधाच्या पलीकडे नदी काठोकाठ भरून चालली होती. डोंगरातला बर्फ वितळला होता, त्यात तीन दिवसांचा पाऊस. अशा वेळी बांध थोडाफार पाझरतोच, त्याची काळजी नसते. पण पाझरणारं पाणी वाळू घेऊन यायला लागलं, की ते बांधाच्या पोटातून येतंय आणि येताना ते पोट पोखरतंय, हे वासुदेवरावांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चौतीस वर्षं ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते.

इथे मात्र ते कुणीच नव्हते. ड्रेस्डेनहून रेल्वेने तासभरावर असलेल्या एर्लेनवेर्डा नावाच्या लहानशा गावात ते मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले होते. प्रणव रोज पहाटे ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात जायचा, सून शमिका घरूनच काम करायची, नात स्पृहा शाळेत. आजोबांचं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. मग वासुदेवराव फिरायला निघत. गावाच्या पर्यटन कचेरीने तीन सोप्या वाटा आखून दिल्या होत्या. पिवळी जुन्या वेशीभोवती, निळी गिरणीच्या ओढ्याने आणि हिरवी नदीकाठच्या कुरणांमधून, बांधाला लागून. झाडांवर त्या त्या रंगाची पट्टी. कुणाला काही विचारावं लागत नसे, हीच त्यांना मोठी सोय वाटायची.

सकाळी शमिकाने बजावलं होतं, "बाबा, नदीची अलार्म स्टेज दोन झालीय. बांधावर चढू नका हं." ते चढले नव्हते. खालच्या वाटेनेच आले होते.

त्यांनी सभोवार पाहिलं. मागे शंभर पावलांवर घरांची रांग, त्यांतल्या एका आवारात लहान मुलांची घसरगुंडी. सायकलवरून एक बाई येत होती. त्यांनी हात केला, पाण्याकडे बोट दाखवलं. बाई हसली, काहीतरी बोलली आणि निघून गेली.

खिशातला फोन त्यांनी काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. पंधरा दिवसांपूर्वीच रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीवरची पानं त्यांनी काठीने बाजूला केली होती. त्यावर शेजाऱ्याची चिठ्ठी आली होती, अगदी सभ्य भाषेतली, की हे काम नगरपालिकेचं आहे. प्रणव ओशाळला होता. "बाबा, इथे ज्याचं काम त्यानंच करायचं असतं. सिस्टीम आहे. तुम्ही कशात लक्ष घालू नका, प्लीज." पुढे आठवडाभर वासुदेवराव पेपरसुद्धा परवानगी घेतल्यासारखे उचलत होते.

त्या उकळीपासून हातभर अंतरावर गवत हललं. पाहता पाहता तिथे दुसरं तोंड फुटलं.

त्यांनी शमिकाला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का?"

"आहे."

अर्जंट आहे, असं त्यांनी याआधी शमिकाला कधी म्हटलं नव्हतं. पलीकडचा आवाज बदलला. "काय झालं? पडलात का?"

"मी ठीक आहे. बांध पोखरतोय. पाण्याबरोबर वाळू येतेय. इथल्या लोकांना कळव, आत्ताच्या आत्ता."

"बाबा, ते लोक रोज चेक करतात बांध. पाऊस पडलाय, ओलं असेलच ना?"

"शमिका," ते शांतपणे म्हणाले, "मी चुकलो तर प्रणव मला बोलेल, मी ऐकून घेईन. पण तू फोन कर."

तिने केला. दोन मिनिटांनी पुन्हा तिचाच फोन. "ते विचारतायत नक्की कुठे. बांध पाच किलोमीटर आहे म्हणतात."

बांधाच्या माथ्यावर ठरावीक अंतराने पांढरे खुंट होते. त्यांवरचे किलोमीटर अधिक मीटर असे आकडे वासुदेवराव पहिल्या दिवसापासून वाचत आले होते. कालव्यावरचे दगडही असेच मांडलेले असत. "तीन अधिक दोनशे," ते म्हणाले. "तिथून पुढे चाळीस पावलं, गावाच्या अंगाला, पायथ्याशी. दोन तोंडं आहेत. पहिलं दहा चाळीसला दिसलं, दुसरं आत्ता फुटलं."

"तीन अधिक... म्हणजे काय?"

"तू तसंच सांग. त्यांना कळेल."

या वेळी तिचा फोन परत आला तेव्हा तिला धाप लागली होती. "बाबा, आकडा ऐकल्यावर तो माणूस एकदम सिरियस झाला. फायर ब्रिगेड निघालीय. आणि तुम्हाला तिथून लांब जायला सांगितलंय. लगेच. ऐकताय ना?"

"हो."

त्यांनी मफलर सोडला, काठीला बांधला आणि काठी उकळीजवळ चिखलात रोवली. एवढी खूण पुरेशी होती. आता निघता आलं असतं. पाय मात्र निघेनात. ते तोंडांकडे पाहत उभे राहिले. पहिलं आता ताटलीएवढं झालं होतं. बुटांत पाणी शिरलं होतं. पायांखालची जमीन भिजलेल्या गादीसारखी दबत होती, आणि ती कधीही खचेल हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

वाटेवर सायकल आपटल्याचा आवाज झाला. घरातल्या चपलांवरच कुणीतरी गवतातून पळत येत होतं.

"मागं हो!" वासुदेवराव ओरडले. इतक्या मोठ्याने ते कित्येक वर्षांत ओरडले नव्हते. "दिनकर, मागं हो! पुढं येऊ नको!"

शमिका जागच्या जागी थबकली. हे नाव तिने कधी ऐकलेलं नव्हतं.

"मी शमिका आहे, बाबा."

"लांब जा. त्या घरांच्या पलीकडं. जा म्हणतो ना!"

"तुम्ही चला, मग मी जाते."

सून तिथून हलणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी त्यांनीच पाय चिखलातून उपसला. ती वीस पावलांवर आणि ते तिच्याकडे येताहेत, तेवढ्यात लाल गाड्या कुरणात शिरल्या.

पाच-सहा तरुण मुलंमुली वाळूच्या पिशव्या घेऊन धावत आली. काठीवरचा मफलर त्यांना लगेच दिसला. पहिल्याने एक पिशवी उचलून थेट तोंडावर टाकली, दुसरा दुसरी टाकायला वाकला.

"नको! तोंड बुजवू नका!" वासुदेवराव वळून परत धावले. "शमिका, सांग त्यांना! बुजवलं तर दुसरीकडून फुटेल! भोवती रचा म्हणावं, गोल!"

शमिका जर्मनमधून ओरडत होती, पण एका मुलाने वासुदेवरावांच्या दंडाला धरून त्यांना मागे सारलं. वाईट वागला नाही तो. म्हाताऱ्या माणसाला सुरक्षित जागी न्यावं तसंच नेत होता. वासुदेवरावांनी त्याचा हात झटकला. आयुष्यात कुणाचा हात झटकणारे ते नव्हते.

तेवढ्यात मागच्या गाडीतून एक साठीचा माणूस उतरला. पांढरी दाढी, छातीवर नाव: नॉयमान. त्याने हाताने सगळ्यांना थांबवलं, तोंडावरची पिशवी बाजूला केली आणि उकिडवा बसून पाण्यात हात घातला. बाहेर काढून बोटांमध्ये वाळू चोळली. मग त्याने वासुदेवरावांकडे पाहिलं आणि हवेत बोटाने एक वर्तुळ काढलं.

वासुदेवरावांनी मान डोलावली. गुडघ्याला हात लावून दाखवला. एवढ्या उंचीचं.

"गेनाऊ," अगदी बरोबर अशा अर्थाने नॉयमान म्हणाला आणि मुलांकडे वळून ओरडला, "क्वेलकाडे!"

मग सगळं भराभर झालं. दोन्ही तोंडांना मिळून पिशव्यांचं एक रिंगण, त्यांच्या भाषेत क्वेलकाडे, उभं राहिलं. आत पाणी चढत गेलं, तसा खालून येणारा जोर मंदावला. वासुदेवराव आणि शमिका दोरीच्या पलीकडे घरांपाशी उभे होते. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. बालवाडीतल्या मुलांना त्या घसरगुंडीच्या आवारातून जोडीजोडीने रांग करून बाहेर नेलं जात होतं.

"बाबा," शमिका हळूच म्हणाली, "मघाशी तुम्ही मला दिनकर म्हणालात."

वासुदेवरावांनी लांब रिंगणाकडे पाहिलं.

"दिनकर पाटकरी होता माझ्या हाताखाली, पाटाचं पाणी सोडणारा. तीस वर्षं झाली. असंच पाणी दिसलं. मी त्याला म्हटलं, इथं उभा राहा, हलू नको, मी साहेबांना घेऊन येतो. साहेब म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. दीड तास गेला त्यात." घोंगडीचं टोक त्यांनी मुठीत आवळलं. "परत आलो तर भराव नव्हता, दिनकरही नव्हता. तो जागचा हलला नव्हता. मी सांगितलं होतं ना."

शमिका त्यांच्या जवळ सरकून उभी राहिली.

तासाभराने नॉयमान वही घेऊन आला. रिंगणातलं पाणी आता स्वच्छ वाहत होतं, असं त्याने सांगितलं. रात्रभर पहारा ठेवणार होते. मग तो एकेक विचारत गेला, शमिका सांगत गेली. नाव. पत्ता. पाणी कधी दिसलं. धंदा.

"रेंट्नर," शमिका म्हणाली. निवृत्त. मग थांबली आणि सासऱ्यांकडे वळली. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. लोकांना ती "सरकारी नोकरीत होते" एवढंच सांगत आली होती.

"बाबा, तुम्ही नक्की काय होता?"

"कालवा निरीक्षक."

तिने ते जर्मनमध्ये कसंबसं जुळवून सांगितलं. नॉयमानने शब्द लिहून घेतला, वही फिरवून वासुदेवरावांपुढे धरली आणि पेन दिलं. नोंद वाचता येत नव्हती, पण मधले आकडे त्यांनी तपासले. ३+२४०. त्यांनी खाली वेळ लिहून मराठीत सही केली.

संध्याकाळी प्रणव धावतपळत घरी आला. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे, बाबा?" एवढंच तो दोनदा म्हणाला आणि नंतर जेवताना त्याने वडिलांच्या ताटात न विचारता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमिकाने लॅपटॉप उघडला नाही. "मी येते आज तुमच्याबरोबर," म्हणाली. दोघं हिरव्या पट्टीच्या वाटेने निघाले. कुरणाच्या तोंडाशी आडवी फळी लावलेली होती आणि पिवळ्या जाकिटातली एक तरुण मुलगी उभी होती. कालच्या मुलांमध्ये ती नव्हती. तिने हसून मान हलवली आणि वाट बंद असल्याचं सांगितलं. आजोबांना समजावं म्हणून दोन्ही हातांनी फुलीही करून दाखवली.

शमिका पुढे झाली. काल काय झालं ते सांगायला तिने तोंड उघडलं, तोच वासुदेवरावांनी तिच्या बाहीला बोट लावलं.

"असू दे. बरोबर आहे तिचं."

त्यांनी त्या मुलीला मान लववून नमस्कार केला. फळीवरून एकदा लांबवर पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी दोन माणसं वाकून पाण्यात काहीतरी निरखत होती. ती माणसं सरळ उभी राहून पुढे चालू लागेपर्यंत वासुदेवराव थांबले. मग वळले आणि सुनेच्या पावलाला पाऊल जुळवत वेशीकडच्या पिवळ्या वाटेला लागले.