थोरल्याच्या नावावरचा श्वास

कारखान्यात मला सगळे फुंकणीबाई म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण दगड कापून कापून त्यांचे कान गेलेले असतात, त्यामुळे त्यांची कुजबुजही दाराबाहेरून ऐकू येते. मला राग येत नाही. फुंकायला लावणं हेच माझं काम आहे.

एरवी मी इस्पितळात छातीच्या विभागात असते. वर्षातून एकदा यंत्र घेऊन या कारखान्यात जाते. इथे स्वयंपाकाच्या ओट्यांसाठी कृत्रिम दगडाच्या लाद्या कापतात, घासतात, चकाकवतात. धूळ पिठासारखी बारीक असते आणि पिठासारखीच पापण्यांवर बसते. मी एका खोलीत टेबल मांडते. आलेल्या माणसाची उंची मोजते, नाकाला चिमटा लावते, नळी तोंडात देते आणि ओरडते, ‘‘छाती भरून घ्या! आता फुंका! जोरात, अजून, अजून, थांबायचं नाही, अजून!’’ पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, एकूण किती पडली, हे यंत्र सांगतं. त्या उंचीच्या, त्या वयाच्या धडधाकट माणसाशी ताडून टक्के काढतं. तीनदा फुंकायचं आणि तिन्ही वेळा सारखं यायला हवं. दम चोरणाऱ्याचं तीनदा सारखं येत नाही. एवढी वर्षं ओरडून माझा घसा बसला, पण माझ्या हातून चुकीचा आकडा गेला नाही असं मी छाती ठोकून सांगायची. शहाणपणाचा फार ताठा होता मला.

सत्तरच्या खाली आकडा आला की माणसाला कापणीवरून काढतात. ‘दुसरे काम द्यावे’ असं कागदावर आहे. दुसरं काम कारखान्यात नाही.

इथे दोन भाऊ होते. थोरला कापणीवर, धाकटा घासणीवर. थोरला शांत, धाकटा तोंडाळ. चार वर्षांपूर्वी थोरल्याचा आकडा एकाहत्तर आला. मी त्याला म्हटलं, ‘‘पुढच्या वर्षी तुझं काही खरं नाही. आत्ताच दुसरीकडे बघ.’’ तो म्हणाला, ‘‘बघतो ताई,’’ आणि बाहेर जाऊन खोकला.

पुढच्या वर्षी सकाळी धाकटा आला, फुंकून गेला. चौऱ्याण्णव. दुपारी थोरल्याचं नाव पुकारलं तर पुन्हा धाकटाच आत आला. डोक्यावर थोरल्याची टोपी, तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा. मी मुकाट्यानं उंची मोजली. थोरला वर्षात चार बोटं वाढला होता.

‘‘या वयात उंची वाढते होय रे?’’ मी म्हटलं.

त्यानं फडकं खाली केलं. हसेल असं मला वाटलं होतं, पण तो हसला नाही. ‘‘ताई, वहिनी दोन जिवांची आहे. दादाचं काम गेलं तर आम्ही खायचं काय, ही धूळ?’’

मी कागदावर थोरल्याची जुनी उंची लिहिली, यंत्रात मात्र उंची-वय धाकट्याचंच ठेवलं. धाकट्यानं तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा अगदी सारखं. चौऱ्याण्णव. मी सही केली. मला वाटलं, मी कुणाचं तरी भलं केलं.

त्याच्या पुढच्या वर्षी दोघांच्या नावावर अठ्ठ्याऐंशी आले. त्याच्या पुढच्या वर्षी एक्क्याऐंशी. एकच छाती दोन नावांनी खाली चालली होती आणि मी दोन्हीकडे सह्या करत होते. खऱ्या थोरल्याच्या छातीत काय चाललंय, ते तीन वर्षांत कुणी मोजलंच नाही. मी तरी कुठे मोजलं?

मग आठ महिन्यांनी थोरला माझ्या इस्पितळातल्या खोलीत आला. चाकांच्या खुर्चीतून. वहिनी खुर्ची ढकलत होती, कडेवर अडीच वर्षांचं पोर. कारखान्यातल्या ताई म्हणजे मीच, हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. ‘‘बरं झालं तुम्ही आहात. ओळखीचं माणूस असलं की धीर येतो.’’

मी थोरल्याच्या नाकाला चिमटा लावला. ‘‘फुंका,’’ मी म्हटलं. ओरडायला जमलंच नाही. त्यानं फुंकलं, पण दुसऱ्या सेकंदालाच खोकल्यानं तो वाकला. छत्तीस.

छातीचे डॉक्टर तरुण आहेत, पण घाई करणारे नाहीत. त्यांनी स्कॅन लावला. दोन्ही फुफ्फुसांत गाठीगाठी दिसत होत्या. मग त्यांनी कारखान्याचे गेल्या तीन वर्षांचे कागद काढले आणि मला बोलावलं.

‘‘ताई, आठ महिन्यांपूर्वी याचे एक्क्याऐंशी होते. सही तुमची आहे.’’

‘‘हो सर.’’

‘‘आणि आता छत्तीस? दगडाची धूळ माणसाला हळूहळू खाते, वर्षानुवर्षं. आठ महिन्यांत असं कोसळवत नाही. हे दुसरंच काहीतरी आहे. कर्करोग असेल, नाहीतर कसला तरी संसर्ग. दुर्बीण घालून फुफ्फुसाचा तुकडा काढून बघावा लागेल. इतक्या खराब फुफ्फुसात ते धोक्याचं आहे, छिद्र पडू शकतं. नुसती धूळ असती तर मी हात लावला नसता.’’ त्यांनी माझ्या सहीवर बोट ठेवलं. ‘‘ती चाचणी बरोबर होती ना?’’

थोरला खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. त्यानं मान हलवली, अगदी जराशी. नको, अशी. धाकट्याची नोकरी होती ना अजून.

‘‘बरोबर होती, सर,’’ मी म्हटलं.

इस्पितळाच्या जिन्याखाली मी धाकट्याला गाठलं. मी त्याला सगळं सांगितलं, धोका आहे हेही सांगितलं. तो भिंतीला टेकला. ‘‘तुम्ही बोललात तर मी पण गेलो, ताई. घरात कमावणारा मीच राहिलोय. आणि तुमची तरी नोकरी राहील का?’’ मग लहान मुलासारखं म्हणाला, ‘‘एवढासा तुकडा तर काढणार. काय होतंय?’’

मला हेच ऐकायचं होतं. त्याच्या पोटाचं निमित्त करून मी माझं पोट वाचवत होते, हे मला त्याच जिन्याखाली कळलं होतं. तरी मी मूग गिळून बसले.

तुकडा काढायच्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. वेळ होता. ते एकटेच होते, चहा पीत होते. मला बघून म्हणाले, ‘‘या ना. काही बोलायचंय का?’’

एवढं सरळ कुणी विचारतं का हो? मी आयुष्यभर माणसांना ओरडून ओरडून छातीतला वारा बाहेर काढायला लावला. माझ्या तोंडून एक वाक्य निघेना.

‘‘नाही सर. फाईल ठेवायला आले होते.’’

थोरल्याचं उजवं फुफ्फुस त्याच दुपारी मिटलं. छातीत नळी घातली. ते पुन्हा फुगलं नाही. तो अकरा दिवस त्या नळीसकट पडून होता. मी रोज जायचे. वहिनी मला बसायला स्टूल द्यायची आणि मी त्यावर बसायचे, लाज सोडून. नवव्या दिवशी तुकड्याचा अहवाल आला. धूळ. दगडाची धूळ, दुसरं काहीही नाही. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. ‘‘मग मी उगाच...’’ एवढंच म्हणून त्यांनी तो फाईलमध्ये ठेवला. ते अजूनही स्वतःलाच दोष देतात. मी देऊ देते.

अकराव्या दिवशी थोरला गेला.

चार महिन्यांनी कारखान्याची चाचणी आली. या वर्षी धाकटा एकदाच आला. मी खरी उंची मोजली. त्यानं फुंकलं. मी ओरडले, गळा फाटेपर्यंत ओरडले, त्याच्या शिरा ताठल्या. तीनदा. अडुसष्ट.

‘‘सत्तर करा ना ताई,’’ तो म्हणाला. ‘‘दोनच तर हवेत.’’

‘‘नाही.’’

‘‘दादाच्या वेळी केलंत.’’

‘‘म्हणून तर नाही रे!’’ मी टेबलावर हात आपटला. ‘‘त्या खोट्यानं तुझा भाऊ मारला. तुला नाही मारणार मी.’’

त्यानं नळी टेबलावर ठेवली आणि उठून गेला. मी अडुसष्ट लिहिलं आणि सही केली. घरी जाऊन मी पोटभर रडले आणि मला बरं वाटलं. एकदा का होईना, मी खरं लिहिलं होतं. धाकट्याला त्याच आठवड्यात काढलं. दुसरं काम मिळालं नाही, ते तर नव्हतंच.

पुढच्या महिन्यात कारखान्यातून बोलावणं आलं. नवीन माणसं घेतली होती, कामावर रुजू होण्याआधी त्यांची चाचणी करायची होती. सहा जणं होती. शेवटचं नाव मी कागदावर वाचलं, तरी दार उघडेपर्यंत मला ते खरं वाटलं नाही.

वहिनी आत आली. डोक्याला घट्ट फडकं, पायात नवे बूट, एक माप मोठे.

‘‘घासणीवर घेतलंय,’’ ती म्हणाली. ‘‘भाऊजींची जागा रिकामी होती. पोर त्यांच्याकडेच ठेवलंय. त्यांना आता उचलवत नाही त्याला, पण बसून सांभाळतात.’’ मग जरा पुढे झुकली. ‘‘मला फुंकायचं कळत नाही हो. तुम्ही शिकवाल ना?’’

मी तिची उंची मोजली. नाकाला चिमटा लावला, नळी दिली. छाती भरून घ्या म्हटलं, तिनं घेतली. आणि मग तिनं जे फुंकलं, तसं मी त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. तीनदा, तिन्ही वेळा सारखं. एकशे चार.

दारातून डोकावणारे दोघंतिघं टाळ्या वाजवू लागले. ती लाजली.

‘‘चांगलं आलं का?’’ तिनं विचारलं.

‘‘फार चांगलं आलं,’’ मी म्हटलं.

खाली एक रकाना असतो, या कामासाठी योग्य आहे का. आकडा खरा होता, उंची खरी होती, नाव तिचंच होतं. मी ‘योग्य’ लिहिलं आणि सही केली.