सहा सुऱ्यांचा जबाब

शहराच्या पोलिसांना नवा अधिकार मिळून जेमतेम चार दिवस झाले होते, आणि चार दिवसांत त्यांनी त्याचं अगदी सोनं केलं होतं. अधिकार असा, की रस्त्यात कुणाजवळ हत्यार म्हणून वापरता येईल अशी कुठलीही वस्तू दिसली आणि ती जवळ का बाळगली हे त्याला धड सांगता आलं नाही, तर वस्तू जप्त. आता हत्यार म्हणून काय वापरता येत नाही, हे तुम्हीच सांगा. रागावलेल्या बाईला ओला टॉवेलसुद्धा पुरतो. पण हुकूम काढणाऱ्यांनी एवढा विचार कशाला करायचा? तो त्यांनी चौकाचौकातल्या शिपायांवर सोपवला.

बारकीला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. बारकी म्हणजे बेचाळीस वर्षांची, चांगली दणकट, दोन मुलींची आई. अठराव्या वर्षी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागली तेव्हा ती सगळ्यांत लहान होती, म्हणून बारकी. पुढे ती आडवीतिडवी वाढली, नाव मात्र आहे तेवढंच राहिलं. तिथले मुख्य आचारी तिचे सख्खे काका. कांदा कसा धरायचा इथपासून तीनशे माणसांचं जेवण वेळेवर गाड्यांवर कसं चढवायचं इथपर्यंत सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं. आणि त्याच काकांना आज सकाळी फोन करून तिने ताप आल्याचं धडधडीत खोटं सांगितलं होतं, तेही नाक चिमटीत धरून. काका म्हणाले होते, गरम पाणी पी आणि गपचूप झोप.

ताप कसला नि काय! तिला एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचाऱ्याच्या जागेसाठी परीक्षा द्यायची होती. चार उमेदवार, एक जागा, आणि यायचं ते स्वतःच्या सुऱ्या घेऊन. बरोबर बाराला दार बंद, नंतर आलेल्याला प्रवेश नाही, असं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते पत्र तिने तीन आठवडे पिठाच्या डब्यात लपवलं होतं. काकांना सांगायला जीभ रेटत नव्हती, कारण काकांचे हात गेली सहा वर्षं थरथरत होते. काका स्टुलावर बसून चव सांगायचे आणि बाकी सगळं बारकी करायची. स्वयंपाकघरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, हॉस्पिटलच्या ऑफिसला ठाऊक नव्हतं. बारकी गेली की काकांना दुसऱ्या दिवशी घरी बसवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एवढं कळत असूनही ती निघाली होती, आणि म्हणून तिला स्वतःचा रागही येत होता.

तर सव्वाअकराला बारकी कापडाच्या गुंडाळीत सहा सुऱ्या बांधून, गुंडाळी काखेत मारून, अरुंद फुटपाथवरून चालली होती. डोक्यात सगळा परीक्षेत करायचा मासा आणि त्याच्यावरचा रस्सा. रस्सा आधी करायचा की मासा आधी भाजायला टाकायचा, यावर तिचं स्वतःशीच भांडण जुंपलं होतं. पुढे एक पोलीस शिपाई फुटपाथ अडवून, पाठ करून उभा होता. कुणाच्या तरी छत्रीचं टोक अंगठ्याने तपासत होता.

आता आचाऱ्यांची एक रीत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हातात सुरी घेऊन कुणाच्या पाठीमागून जायचं असेल, तर मोठ्याने तसं सांगायचं, म्हणजे तो माणूस अचानक वळत नाही आणि कुणाचं पोट फाटत नाही. काकांच्या राज्यात जो हे विसरेल त्याने दिवसभर भांडी घासायची. चोवीस वर्षांत बारकी एकदाही विसरली नव्हती. आजही विसरली नाही. शिपायाच्या पाठीशी येताच तिच्या तोंडून, तिला न विचारता, खणखणीत आवाजात बाहेर पडलं, "धार! मागे धार! हलू नका!"

शिपाई हलला. नुसता हलला नाही, हातभर उडाला. हातातली छत्री फाडकन उघडली, आणि फुटपाथ असा रिकामा झाला की बारकी, शिपाई आणि छत्री एवढेच उरले. शिपायाने छत्रीच्या आडून विचारलं, की काखेत काय आहे. खोटं बोलायचा सकाळचा कोटा संपला होता, म्हणून बारकीने खरं सांगितलं. खरं सांगून भलं झालं म्हणता? पाच मिनिटांत ती ठाण्यात होती.

ठाण्यातलं टेबल म्हणजे मोडीत काढलेला संसार वाटावा असं दिसत होतं. हातोडी, नट आवळायचे पाने, क्रिकेटची बॅट, फुलझाडं छाटायची कात्री, एक जाडजूड थर्मास. बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांची काठी जप्त झाली होती आणि काठीशिवाय त्यांना घरी जाता येत नव्हतं, म्हणून ते कालपासून पोलिसांचा चहा पीत पेपर वाचत होते आणि त्यांचं एकंदरीत बरं चाललं होतं. शेजारच्या बाईच्या विणकामाच्या सुया गेल्या होत्या. टाके निसटू नयेत म्हणून तिने अर्धा स्वेटर दोन पेन्सिलींवर चढवला होता, आणि शिपाई आता त्या पेन्सिलींकडेही संशयाने बघत होता.

फौजदारबाईंनी गुंडाळी उघडली. सहा सुऱ्या, लहानीपासून मोठीपर्यंत, केस उभा चिरतील अशा. बाई चार दिवसांच्या जप्त्यांनी पार विटल्या होत्या, पण हुकूम तो हुकूम. त्यांनी नियम समजावून सांगितला. धंद्याचं हत्यार असेल तर कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाने ओळखपत्र घेऊन समोर यायचं, कारण सांगायचं, लेखी जबाबावर सही करायची. मग वस्तू लगेच परत. नाहीतर पावती घ्या आणि नव्वद दिवसांनी अर्ज करा.

बारकी म्हणाली, एक कांदा आणून द्या, इथल्या इथे दाखवते मी कोण ते. फौजदारबाईंनी सांगितलं, की ठाण्यात कांदा नाही आणि असता तरी सुरी दिली नसती. बारकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. हॉटेलला फोन करावा तर पहिलीच ओळख पोलीस ठाण्यातून होणार. नवऱ्याला बोलवावं तर त्याला पाणी उकळताना मदत लागते, तो कसला वरिष्ठ. उरलं कोण? ज्याच्यापासून लपून निघाली तोच एक माणूस. दहा मिनिटं ती त्या बाकावर बसून राहिली. आजोबांनी तिला चहा देऊ केला, तो तिने घेतला नाही. अकरा पस्तीसला ती उठली आणि फोन मागितला.

काका दहा मिनिटांत आले. एप्रन तसाच, डोक्यावर टोपी, ओळखपत्र दातात धरलेलं, कारण हातांचा भरवसा नव्हता. आल्या आल्या त्यांनी टेबलाकडे बघितलंच नाही. सरळ बारकीजवळ गेले आणि थरथरता तळवा तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. काकांनी हात काढून घेतला आणि मग त्यांची नजर सुऱ्यांवर गेली. बारकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

फौजदारबाईंनी विचारलं, की या सुऱ्या घेऊन हिला हॉस्पिटलने कुठे पाठवलं होतं का. नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. काकांनी तोंड उघडलं, आणि बारकीला स्वच्छ दिसलं, की हा म्हातारा काही न विचारता आपल्यासाठी खोटं बोलणार आहे. ते तिला सोसवलं नाही.

"काका, मला ताप नाही. मी हॉटेलात परीक्षा द्यायला चालले होते. मुख्य आचाऱ्याची जागा आहे. बारा वाजता."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला बारा मिनिटं होती. त्यांनी फक्त कुठलं हॉटेल आणि माणसं किती जेवतात एवढंच विचारलं. बारकीने सांगितलं. काकांनी मान हलवली, टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि शिपायाला म्हणाले, "लिहा. मला लिहिता येत नाही, म्हणजे हाताने."

मग ते सावकाश सांगत गेले आणि शिपाई लिहीत गेला. ही माझी पुतणी. या सुऱ्या तिच्या आहेत. गेली सहा वर्षं माझे हात थरथरतात, मला सुरी धरता येत नाही. हॉस्पिटलचं तीनशे माणसांचं जेवण हीच करते आणि नाव माझं होतं. आज ती स्वतःच्या नावाने स्वयंपाक करायला चालली आहे, म्हणून सुऱ्या तिच्याजवळ आहेत.

शिपायाचं पेन थांबलं. फौजदारबाई पुढे झुकल्या आणि जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, की काका, हा जबाब आहे, याची एक प्रत तुमच्या ऑफिसला जाईल, हातांचं नाही लिहिलं तरी चालेल. बारकी मध्ये पडली, नको काका, राहू द्या सुऱ्या, मी नाही जात कुठे. काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं ते मीठ विसरलेल्या माणसाकडे बघतात.

"सहा वर्षं कुणाला तरी सांगायचंच होतं," ते म्हणाले. "अजून एक ओळ आहे, तीही घ्या. ती जाऊ नये असं मला फार वाटतं. तरी तिला कुणी थांबवू नये."

शिपाई कुरकुरला, की असलं काही जबाबात बसत नाही. फौजदारबाईंनी त्याला बसवायला सांगितलं. काकांनी सही केली, ती तीन ओळींवर पसरली. शिक्का बसला. एक प्रत बारकीच्या हातात आली, सुऱ्यांची गुंडाळी काखेत आली, आणि ती तिथेच खांबासारखी उभी राहिली. काकांनी शेवटी तिच्या पाठीत एक धपाटा घातला तेव्हा कुठे तिचे पाय हलले.

आणि मग काय विचारता. बेचाळीस वर्षांची दणकट बाई, काखेत सहा सुऱ्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, भर दुपारी रस्त्याच्या मधोमध धावतेय. लोक भिंतींना चिकटले. मोठ्या चौकात, हॉटेलच्या अगदी समोर, चार मिनिटं उरलेली असताना दुसऱ्या एका शिपायाने हात आडवा केला आणि शिट्टी फुंकली. बारकीला बोलायला दमच उरला नव्हता. तिने कागद त्याच्या नाकासमोर धरला.

शिपाई कागद वाचायला लागला. हा शब्दाखाली बोट ठेवून वाचणारा निघाला. बारकी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. त्याचं बोट सुऱ्यांवरून गेलं, हातांवरून गेलं, शेवटच्या ओळीवर पोहोचलं आणि तिथे थांबलं. ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग कागद नीट घडी घालून तिला परत दिला, टोपी सारखी केली, रस्त्याच्या मध्यभागी गेला आणि दोन्ही हात पसरून चारी बाजूंची वाहनं थांबवली.